औंदा गार नाही

१

बोरटोल्याचं अंडं गायब झालेलं ज्या माणसाला पहिल्यांदा दिसलं, त्याला ते सांगता आलं नाही, कारण माईक त्याच्याच हातात होता.

सारस महोत्सवाचे हे प्रमुख पाहुणे दुर्बिणीला डोळा लावून एकच वाक्य बोलायला नागपूरहून आले होते. 'मला अंडं दिसतंय', एवढंच. मग टाळ्या, मग नाश्ता. पाहुण्यांनी डोळा लावला. बांधीत, पाणी भरल्या खाचरातल्या हिरव्या धानात, गवताच्या ढिगावर बसलेली सारस मादी उठली, पंख झटकले, बाजूला झाली. खाली काही नव्हतं.

पाहुणे अनुभवी होते. "मला," ते म्हणाले, "निसर्ग दिसतोय."

टाळ्या पडल्या. मग दुर्बीण एकेकाच्या हाती फिरली आणि पोहे गार होईपर्यंत मंडपात एकच शब्द उरला: चोरी. जिल्ह्यात यंदा सारसाचं हे एकच अंडं होतं. त्याचा फोटो शहरभर फलकांवर लागला होता, आणि त्यात ते अंडं पाहुण्यांच्या डोक्याएवढं छापलं होतं.

तपास वनखात्यातल्या वाळिंबेंकडे आला. वाळिंबे मूळचे पुण्याचे. तिकडे त्यांनी एक प्रकरण गरजेपेक्षा जास्त सोडवलं होतं, म्हणून त्यांची गोंदियाला बदली झाली होती. इथे येऊन त्यांना वर्ष झालं नव्हतं. इथली मराठी आपल्याला कळते, असं त्यांना वाटत होतं.

मंडप रिकामा झाल्यावर ते बांधाच्या कडेनं, म्हणजे इथल्या भाषेत धुऱ्यावरून, चालत गेले. आदल्या संध्याकाळपासून पावसाची झड लागली होती, ती पहाटे थांबली होती. चिखल लोण्यासारखा मऊ होता. त्यात बेडकाची पावलं उमटली होती, खेकड्याची उमटली होती.

माणसाचं एकही पाऊल नव्हतं.

२

"म्हणजे उडत आला चोर," रविता पटले म्हणाल्या.

त्या अंगणात माती मळत होत्या आणि वर बघत नव्हत्या. रविताबाई चित्रं काढत, मातीकाम करत, धानाच्या तणसाच्या आकृत्या विणत, बेडकांचे आवाज टेपवर घेऊन त्यावर गाणी बांधत, आणि बोलावलं तर नाचतही. परदेशातल्या एका माहितीपत्रकात त्यांना 'मल्टिडिसिप्लिनरी आर्टिस्ट' म्हटलं होतं. तेव्हापासून गाव त्यांना मल्टीबाई म्हणे. यात थट्टा किती आणि मान किती, हे गावालाही ठरवता आलेलं नव्हतं.

अंगणात त्यांची कामं मांडली होती. एका बैलाचं तोंड पावसानं अर्धं वाहून गेलं होतं. शेजारी एक बाई होती, ती आता नुसती कंबर होती.

"हे अपुरं आहे का?" वाळिंबेंनी विचारलं.

"होऊन राहिलं," बाई म्हणाल्या. "मी भट्टी लावत नाही, साहेब. मातीतून आलं ते मातीत जाते. त्यालेच मी काम म्हणतो."

वाळिंबेंनी मान हलवली. मान हलवणं हा कलेबद्दलचा त्यांचा एकमेव अभ्यास होता.

"ते अंडं गेल्यानं तुमचं काय जातं?"

आता रविताबाईंनी वर पाहिलं. त्यांनी हातानं दाखवलं: ती बांधी, आणि तिला लागून ती बोडी. बोडी म्हणजे शेततळ्याएवढं जुनं तळं. कमळ, शिंगाडे, आणि काठाला सारसाची जोडी. दोन्ही जागा त्यांच्या काकीच्या नावावर. घरट्यात अंडं असेल तर पिल्लू उडेपर्यंत तिथे कोणी हात लावायचा नाही, असा खात्याचा नियम. एखाद्या वर्षी अंडं नसलं, तर जागा मोकळी. आणि मोकळी झाली की काकीचा पोरगा धनेंद्र त्या बोडीत मुरूम टाकून लग्नाचं लॉन करणार.

"नाव बी ठेवलं त्यानं," रविताबाई म्हणाल्या. "सारस लॉन."

"आणि चोरी झाली असेल तर?"

"तपास होईतो जागा जशीच्या तशी," त्या म्हणाल्या. नियम त्यांना खात्यापेक्षा चांगला पाठ होता. "माझं सगळं काम त्या बोडीतून येते, साहेब. माती तिची, रंग तिचा, आवाज तिचा. ती बुजली तर मी फक्त एक बाई राहीन, अंगणात बसून राहिलेली."

वाळिंबे निघाले. फाटकापाशी त्यांच्या मनात आलं, की अंडं चोरीला गेल्याचा फायदा होणारा एकच माणूस आतापर्यंत भेटला, आणि तो रडत नव्हता.

३

धनेंद्र पटले रडायला तयार होता.

"साहेब, अपना सीधा हिसाब है," तो म्हणाला. त्याच्या अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट होता आणि मागे भिंतीवर लॉनचा नकाशा. "मले लॉन पायजे. पण मी अंडं कायले चोरू? चोरलं तं तपास. तपास लागला तं लॉन बंद. मी तं देवाले म्हणून राहिलो होतो, का पिल्लू लवकर निघू दे बाबा आणि लवकर उडू दे."

"लोक म्हणतात तुम्हीच."

"लोकं तं हेही म्हणतेत का मी दहावी पास आहो." त्यानं उसासा टाकला. "तुम्ही एक काम करा. माझ्यासंगं चला धुऱ्यावर."

ते गेले. धनेंद्रनं धुऱ्यावर पाय ठेवला मात्र, आणि बांधीतून असा आवाज उठला, की वाळिंबेंचा हात छातीवर गेला. दोन्ही सारस उभे होते आणि तुतारीसारखे ओरडत होते. मुर्री गावाकडच्या रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले.

"बघा," धनेंद्र म्हणाला. "मी, तुम्ही, बकरी, कोणी बी जा. अख्ख्या गावाले सांगतेत. त्या रात्री ओरडले का? विचारा कोणालेही. एक आवाज नाही."

"कोणालाच पाहून गप्प बसत नाहीत?"

धनेंद्र बुटावरचा चिखल पुसू लागला. तो चिखल बराच वेळ पुसला गेला.

"रविता दीदीले पाहून नाही ओरडत," तो म्हणाला. "तिले ते आपल्यातलीच समजतेत. साहेब, हे मी सांगितलं म्हणून नका सांगू. ती बहीण आहे माझी."

४

दुलारीकाकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. धनेंद्रची आई, बोडीची मालकीण. तिचं माहेर डोंगरगडाकडचं, छत्तीसगडातलं. लग्न होऊन इथे येऊन जन्म गेला होता, पण माहेर तिच्या जिभेवरून उतरलं नव्हतं. पोवारी, हिंदी, झाडीबोली आणि माहेरची बोली ती एकाच ताटात वाढत असे, आणि खाणाऱ्यानं काय ते वेगळं करावं.

"बस ना बाप्पा," ती म्हणाली. "चोर पाह्यले आला का?"

"काकी, कोणी नेलं असेल?"

"कोण नेल? कायले नेल?" तिनं सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. "औंदा गार पाडलीच नाही."

"हो ना," वाळिंबे म्हणाले. "सगळं हवामानच बदललंय. आमच्याकडेही पूर्वी वैशाखात नेमानं गारा पडायच्या."

काकीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून ती आत गेली आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. चहात साखर जास्त होती. आजारी माणसाला देतात तशी.

"रविता चांगली पोरगी आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून चिखलातच. तिचा बाप म्हणे, हिचं लग्न बोडीसंगंच लावून द्या. माझं पोरगं बी चांगलं आहे. दोघंही चांगले आहेत आणि जागा एकच आहे. तुम्ही काय तपास करसान?"

तेवढ्यात फोन वाजला. वरच्या साहेबांचा होता. पाहुणे नाराज होते. दोन दिवसांत आरोपी हवा होता, आणि साहेबांना धनेंद्र नाव पसंत होतं.

५

भूपेंद्र नागझिऱ्याचा गाईड. वाघ दिसला नाही, की पर्यटकांना राग येई, आणि राग उतरवायला तो त्यांना बोरटोल्याला सारस दाखवायला आणी. त्याच्याकडे लांब भिंगाचा कॅमेरा होता, आणि प्रसिद्ध होण्याची घाई होती. वाळिंबेंनी त्याला संशयितांत धरलं, म्हणून तो सुखावला.

"सर, मी अंड्याचा चोर नाही. मी शोध लावला आहे." त्यानं मोबाईल पुढे केला. "हा महोत्सवाच्या सकाळचा फोटो. पाहुणे यायच्या आधीचा. मादीच्या पोटाकडं पाहा."

राखाडी पिसांत, पोटाखाली, एक पांढरा डाग होता. हाताच्या तळव्याएवढा.

"ही नवीन उपजात आहे, सर. पांढऱ्या पोटाचा सारस. मी नाव पण ठरवून राहिलो. भूपेंद्राय असं काहीतरी लॅटिनमधून येते का?"

"हा डाग आधी होता?"

"आधीच्या फोटोत नाही दिसत. पण आधी आमचं लक्ष नसेल."

वाळिंबेंनी फोटो मोठा केला. डाग पिसांच्या रंगाचा नव्हता. पिसांवर काहीतरी लागलं होतं. कडेला ते ओघळलं होतं आणि वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, जशा दिवाळीआधी सारवलेल्या भिंतीला पडतात.

इथल्या भिंती कशानं पोतारतात, हे वाळिंबेंना एवढ्या महिन्यांत कळलं होतं. छुई. पांढरी माती.

६

तरी त्यांना जोडता येईना. दुसऱ्या दिवशी ते धनेंद्रला ताब्यात घ्यायला म्हणून बोरटोल्याला गेले. गाडी हळू चालवायला सांगितली, आणि तरी ती पोचली.

दुलारीकाकी अंगणात कोंबडीच्या डालीपाशी उकिडवी बसली होती. तिनं पाठमोरीच हाक दिली, "थांब ना बाप्पा, येऊन राहिली." मग डालीत हात घालून कोंबडीला म्हणाली, "पाडली का वं गार? दाखव."

कोंबडीनं तक्रार केली. काकीचा हात बाहेर आला. हातात अंडं होतं.

वाळिंबे जागेवर उभे राहिले.

"काकी, हे काय आहे?"

"गार."

"अंडं."

"तुमच्यात अंडं. आमच्या माहेरी गार." तिनं अंडं पदरात ठेवलं. "तुमच्याकडं ते आभाळातून पडते, नाही का? मी म्हटलंच होतं, माणूस शिकलेला आहे पण बरा नाही."

'औंदा गार पाडलीच नाही.' काकीनं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं, आणि वाळिंबेंनी तिला वैशाखातल्या गारांबद्दल सांगितलं होतं. मादीनं यंदा अंडं घातलंच नव्हतं. मग फलकावर फोटो कोणाचा होता?

काकीचा हात पुन्हा डालीत गेला होता. तिनं आत काहीतरी नीट बसवलं. वाळिंबे वाकले. पांढरा गोल दगड होता.

"सगळ्या उचलल्या तं कोंबडी जागा सोडते," काकी म्हणाली. "एक दगड ठेवावा लागते. तिले वाटते, आहे. बसून राहते बिचारी."

"हे रविताताईंना माहीत आहे?"

काकीनं डालीवर टोपली उपडी घातली आणि बराच वेळ ती सरळ करत राहिली.

"लहानपणी दगड ठेवाचं काम तिचंच होतं," ती म्हणाली.

७

रविताबाई बोडीच्या काठावर बसल्या होत्या. सारसाची जोडी त्यांच्यापासून चार हातांवर चरत होती. वाळिंबे दिसताच जोडीनं माना वर केल्या. बाईंनी हळूच 'असू द्या' म्हटलं, आणि असू दिलं गेलं.

"चोर नव्हता," वाळिंबे म्हणाले. "पाऊल नव्हतं, कारण कोणी आलं नाही. पक्षी ओरडले नाहीत, कारण ज्याच्यावर ओरडावं असं कोणी नव्हतं. अंडं गेलं नाही. विरघळलं. झड लागली, घरटं भिजलं, वरून मादीच्या अंगाची ऊब. पोटाला छुई लागली. तुम्ही ते कच्च्या मातीचं केलं होतं."

रविताबाईंनी नाकारलं नाही. त्या ओशाळल्याही नाहीत. त्या फक्त पाण्याकडे बघत होत्या.

"ठिपके चांगले जमले होते," त्या म्हणाल्या. "काताचे. सगळ्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. साहेब लोकांनी पाहिलं, पक्षीवाल्यांनी पाहिलं. माझं एवढं काम कोणी कधी पाहिलं नव्हतं."

"भाजलं का नाही?"

"मी भाजत नाही."

"रविताताई, भाजलं असतं तर टिकलं असतं."

"मालूम आहे." त्यांनी ओल्या मातीचा गोळा उचलून पाण्यात सोडला. "घरी चूल पेटवली होती. अंडं बाजूले ठेवलं होतं. मग वाटलं, का इतक्या वर्षांत जे केलं नाही ते आता कायले करू. भाषणं देऊन आली मी त्याच्यावर. पॅरिसले बी दिलं." त्या किंचित हसल्या. "तत्त्व वाचलं."

सारस नरानं गवताची काडी उचलून घरट्यावर ठेवली. मादीनं ती नीट केली.

"मागच्या वर्षीचं पिल्लू?" वाळिंबेंनी विचारलं. त्या पिल्लाचा खात्याच्या अहवालात मुखपृष्ठावर उल्लेख होता.

"ते खरं होतं. कुत्र्यांनी नेलं. मी सांगितलं, उडालं. तेव्हा लॉनची गोष्ट नव्हती, पण मले सांगवलं नाही."

मग बाई म्हणाल्या, "तपास लांबवता नाही येत का? दोन वर्षं, तीन वर्षं. तुमच्या खात्यात तं सगळंच लांबते."

"आज धनेंद्रला धरायचं आहे."

रविताबाईंनी डोळे मिटले. आपल्याला जे हवं होतं ते समोर आलेलं पाहिलं, की माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला.

"त्यानं मले आठवी ते दहावी सायकलवर शाळेत नेलं," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा लहान आहे तो. त्याचे पाय पुरत नव्हते पॅडलले." त्या उठल्या. "सांगून टाका, साहेब. मी केलं म्हणून सांगा."

८

वाळिंबेंनी वरच्या साहेबांना फोन लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. छुई, झड, पोट, कोंबडी, गार. वाळिंबेंच्या नोकरीतली ही सर्वांत निर्दोष उकल होती. पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज आला.

"वाळिंबे," साहेब म्हणाले, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"हो, सर."

"अंडं नव्हतंच, असं आपण म्हणू शकत नाही. फलक लागलेत. अंडं मातीचं होतं, असंही म्हणू शकत नाही. मी स्वतः त्याची खात्री करून सही केली आहे. चोरी म्हणावं, तर तुम्ही म्हणता चोर नाही."

"नाही, सर."

"मग अंडं दिसत नाही, याचा साधा अर्थ काय होतो?"

साधा अर्थ वाळिंबेंना कधी सुचत नसे. बदली त्यामुळेच झाली होती.

"पिल्लू निघालं," साहेब म्हणाले. आवाजात खरा आनंद होता. "पावसाळा संपेपर्यंत उडेल. बाईंवर गुन्हा नाही, त्या पोरावर गुन्हा नाही, सगळे सुटले. तुम्हाला माणसं सोडवायची होती ना?"

"सर, पिल्लू उडालं तर जागा मोकळी होते."

"होणारच. उद्दिष्ट पूर्ण झालं, की जागा कशाला अडवायची?"

पिल्लू वेळेवर उडालं. शहरात नवीन फलक लागले. धनेंद्रनं मंडपात पेढे वाटले आणि रविताबाईंच्या पाया पडला. त्या त्याला 'ऊठ रे' म्हणाल्या. भूपेंद्रच्या उपजातीचं पोट पुढच्याच पावसात धुऊन निघालं.

धान कापून झाल्यावर थंडीत वाळिंबे एकदा बोरटोल्याला गेले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बोडीतलं पाणी चर खणून काढून दिलं होतं आणि अर्ध्या तळावर लाल मुरूम पसरला होता. कमळाची वाळलेली देठं त्यातून वर आली होती. जोडी दिसत नव्हती. कोणी म्हणे नदीकडे गेली, कोणी म्हणे बालाघाटकडे. पलीकडे रविताबाई लोखंडी सळ्यांचा एक उंच सांगाडा वाकवत होत्या.

"लॉनच्या फाटकावर सारस पायजे म्हणते धनेंद्र," त्या म्हणाल्या. "फायबरचा. पाण्यानं जात नाही, उन्हानं जात नाही."

"तुम्ही हो म्हणालात?"

"मी नाही केला तं नागपूरहून आणेल, साहेब. आणि त्याची मान चुकेल."

वाळिंबेंनी विचारलं, "कशी असते मान?"

रविताबाईंनी सळई खाली ठेवली. मुरमावर चार पावलं पुढे आल्या, हात मागे नेले, हनुवटी आभाळाकडे उचलली, आणि जोडीतली मादी नराला उत्तर देताना मान जशी मागे टाकते, तशी टाकली. तोंड उघडं होतं. आवाज काढला नाही.

मागून मुरमाचा ट्रक येत होता. ड्रायव्हरला वाटलं, बाई थांब म्हणून राहिली. तो थांबला. तिचं होईपर्यंत त्यानं वाट पाहिली, आणि मग मुरूम ओतला.